परसातील कोंबड्यांचे भक्षकांपासून संरक्षण

घराच्या परसात, अंगणात किंवा गोठ्याच्या आडोशाला पाळलेल्या थोड्या कोंबड्यांचे मांसाहारी प्राणी, शिकारी पक्षी व साप यांच्यापासून रक्षण करण्याच्या उपायांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. व्यापारी कुक्कुटपालनात पक्षी कायम बंदिस्त असतात. परसातील कोंबड्या मात्र दिवसभर मोकळ्या हिंडून किडे, सांडलेले दाणे, कोवळे गवत व स्वयंपाकघरातील खरकटे यांवर जगतात आणि तिन्हीसांजेला खुराड्यात परततात. त्यामुळे त्यांच्यावरील खर्च अल्प असतो. पण भक्षकांचा उपद्रव अधिक होतो. देशी कोंबडी वर्षाकाठी साधारणतः ६० ते ८० अंडी देते आणि खुडूक झाल्यावर २१ दिवसांत पिल्ले काढते. बहुतेक घरांत या कोंबड्यांची निगा स्त्रिया राखतात व अंड्यांचा पैसाही त्यांच्याच हाती येतो. एका रात्रीत खुराडे रिकामे झाले, तर पक्ष्यांबरोबर पुढील पैदासही जाते. अशा नुकसानीचा राग सहसा वन्य प्राण्यावर निघतो. तथापि प्रत्यक्ष तपासणीत बहुधा दोष खुराड्याच्या बांधणीत किंवा ते बंद करण्याच्या हयगयीत आढळतो.

पुणे परिसर : पुणे शहर मुळा व मुठा या नद्यांच्या काठी वसलेले असून पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, बाणेर, रामटेकडी इ. टेकड्या शहराच्या वस्तीत शिरलेल्या आहेत. टेकड्यांवरील झुडुपे, नद्या-नाल्यांचे काठ, लष्करी हद्दीतील मोकळ्या जागा व शिक्षणसंस्थांची विस्तीर्ण आवारे यांमुळे लहान मांसाहारी प्राण्यांना शहरातही आसरा मिळतो. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट करण्यात आली. या गावांच्या गावठाणांत परसातील कोंबड्या पूर्वीपासूनच होत्या. गावे शहरात आली तशा त्याही आल्या. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पण ओढे, पडीक जमिनी व बांधावरची झाडी काही प्रमाणात टिकून राहिली आणि उघड्यावरील कचऱ्यामुळे उंदीर, घुशी व मोकाट कुत्री वाढली. म्हणून शहराच्या कडेला कोंबड्या पाळणाऱ्यास गावातील व शहरातील अशा दोन्ही प्रकारच्या भक्षकांशी गाठ पडते.

कोल्हा व खोकड : कोंबडी पळविणारा प्राणी म्हणजे कोल्हा, हा समज मुख्यतः गोष्टींमधून दृढ झाला आहे. इसापनीतीतील धूर्त प्राण्यास मराठी भाषांतरांत ‘कोल्हा’ म्हटले गेले. परंतु यूरोपातील कथेमधील तो प्राणी आणि महाराष्ट्रातील कोल्हा हे भिन्न आहेत. पंचतंत्रातील शृगाल म्हणजे मात्र आपला कोल्हाच होय. दोन्ही प्राणी श्वान कुलातील आहेत. कोल्ह्याचे (कॅनिस ऑरियस) वजन ८ ते ११ किग्रॅ. असते. तो निशाचर असून वस्तीच्या कडेला मृत जनावरे, उकिरड्यावरील अन्न, उंदीर, फळे असे मिळेल ते खातो व संधी मिळाल्यास कोंबडीही नेतो. खोकड (व्हल्पिस बेंगालेन्सिस) आकाराने बरेच लहान असून त्याचे वजन सु. २ ते ४ किग्रॅ. व झुपकेदार शेपटीचे टोक काळे असते. इंग्रजीत ज्यास ‘फॉक्स’ म्हणतात, त्या गटातील महाराष्ट्रात आढळणारा प्राणी हाच. तो केवळ भारतीय उपखंडातच आढळतो. पुण्याच्या पूर्वेस व आग्नेयेस सासवड, सुपे, बारामती, इंदापूर या भागांतील माळरानांवर त्याची वस्ती असून सुप्याजवळील मयूरेश्वर अभयारण्य (स्थापना १९९७) अशाच माळरानाचा भाग आहे. उंदीर, सरडे, खेकडे, टोळ, वाळवी, बोरे व हरभऱ्याचे घाटे हे त्याचे अन्न होय. त्याच्या कोंबड्या मारण्याच्या घटना क्वचितच घडतात; उलट उंदीर व टोळ खाऊन तो शेतकऱ्यास उपकारकच ठरतो.

ब्रिटनमधील स्थिती निराळी आहे. तेथील तांबडा खोकड (व्हल्पिस व्हल्पिस) दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात लंडनच्या उपनगरांत स्थिरावला व पुढे ब्रिस्टलसारख्या शहरांतही पसरला. बागांमागील बिळे, कचरापेट्या व माणसांनी घातलेले अन्न यांवर तो तेथे राहतो आणि परसातील कोंबड्यांचा प्रमुख शत्रू मानला जातो. ही जाती भारतात हिमालयात व वायव्येकडील रुक्ष प्रदेशात आढळते, महाराष्ट्रात नाही. भारतीय खोकड शहरात अशा रीतीने शिरलेला नाही. मोकाट कुत्रे हे त्याचे एक महत्त्वाचे कारण मानता येईल. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील अभ्यासात कुत्र्यांचा वावर असलेल्या जागा खोकड टाळतो, असे दिसून आले आहे. ब्रिटनमध्ये जी जागा खोकडाने व्यापली, ती पुण्यासारख्या शहरात कुत्रा, मांजर, मुंगूस व उदमांजर यांनी आधीच व्यापलेली आहे. त्यामुळे परदेशी पुस्तकांतील उपाय घेताना ते कोणत्या प्राण्यासाठी सांगितले आहेत, हे प्रथम पाहावे लागते.

प्रमुख भक्षक : (१) मोकाट कुत्री : सर्वांत मोठे नुकसान यांच्यामुळे होते. ती टोळीने येतात, कमकुवत जाळी ओढून फाडतात आणि पक्षी न खाता अनेक मारून टाकतात. (२) मुंगूस : राखी मुंगूस (हर्पेस्टिस एडवर्डसाय) पुण्याच्या बागांतून व टेकड्यांवर सर्रास दिसते. ते दिनचर असल्याने खुराडे रात्री कितीही घट्ट बंद केले, तरी दिवसा अंडी व पिल्ले नेऊ शकते. ते मुठीएवढ्या फटीतून आत शिरते. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना मुंगसाच्या एका जातीपासून किती धोका संभवतो, हे जमेका बेटावरून कळून येते. उसाच्या मळ्यांतील उंदरांच्या नाशासाठी १८७२ मध्ये तेथे भारतातून मुंगसे नेण्यात आली आणि त्यांनी स्थानिक पक्षी व सरपटणारे प्राणी यांची मोठी हानी केली. (३) उदमांजर व जवादी मांजर : दोन्ही निशाचर आहेत. उदमांजर झाडांवर व जुन्या वाड्यांच्या आढ्यांत राहते. त्याचे मुख्य अन्न फळे असले, तरी छपराकडून उघडे असलेले खुराडे त्यास सहज साधते. जवादी मांजर जमिनीवर वावरते व माती उकरून शिरते. (४) बाऊल (रानमांजर) व भटके बोके : बाऊल नाल्यांकाठच्या गवतात व उसात राहतो आणि वाढलेली कोंबडीही उचलून नेतो, बोक्यांचा रोख पिल्लांवर असतो. (५) घूस व उंदीर : हे पिल्ले बिळात ओढतात, झोपलेल्या पक्ष्यांचे पाय कुरतडतात आणि खाद्य नासवितात. त्यांनी पोखरलेली बिळे पुढे मुंगूस व साप वापरतात, हा दुसरा तोटा. (६) पक्षी : घार, शिक्रा व कावळे दिवसा पिल्ले उचलतात. घारींच्या विणीचा हंगाम हिवाळा व उन्हाळ्याचा प्रारंभ हा असल्याने त्या काळात उपद्रव वाढतो. (७) साप : धामण व नाग अंडी आणि पिल्ले गिळतात, खुराड्यातील उंदीरही त्यांना आकर्षित करतात. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत बिबट्याचा वावर असतो. मात्र तेथे प्रश्न कोंबड्यांपेक्षा शेळ्या, कुत्री व माणसे यांच्या सुरक्षिततेचा अधिक आहे.

हल्ल्याचे स्वरूप : कोंबडीला उजेडात रंग उत्तम दिसतात, परंतु अंधारात तिला फारच कमी दिसते. म्हणून ती सूर्यास्तानंतर दांडीवर बसली की हलत नाही. दिवसा कोंबडा आकाशातील व जमिनीवरील शत्रूंसाठी वेगवेगळे इशारे देतो आणि कळप त्यानुसार झुडुपात दडतो किंवा पळ काढतो. रात्री हे संरक्षण नाहीसे होते. बंद खुराड्यात भक्षक शिरला, की पक्ष्यांना पळण्यास वाट नसते. ते फडफडत राहतात व त्या हालचालीने भक्षकाची मारण्याची प्रेरणा पुनःपुन्हा चाळवली जाते. परिणामी तो खाण्याच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक पक्षी मारतो. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये या वर्तनाचा शास्त्रीय ऊहापोह केला. निसर्गात भक्ष्य पळून जात असल्याने असे प्रसंग विरळा घडतात. खुराड्यात ते माणसाने निर्माण केलेल्या परिस्थितीमुळे घडतात. यास प्राण्याचा क्रूरपणा म्हणणे योग्य नव्हे. यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा, की अर्धवट सुरक्षित खुराडे हे खुराडे नसण्यापेक्षाही घातक ठरू शकते.

भक्षक ओळखण्याच्या खुणा : उपाय योजण्यापूर्वी भक्षक कोणता, हे ठरविणे आवश्यक असते. बरेच पक्षी मरून पडले असून ते खाल्लेले नसतील व जाळी फाटलेली असेल, तर कुत्र्यांचा संशय घ्यावा. एकच पक्षी नाहीसा होऊन पिसांचा माग कुंपणापर्यंत गेला असेल, तर कोल्हा, बाऊल किंवा जवादी मांजर यांचा संभव असतो. मानेच्या मागील बाजूस चावे व फुटलेली अंडी ही मुंगसाची, तर बिळाशेजारी अर्धवट ओढलेले पिल्लू ही घुशीची खूण होय. अंडी टरफलासह नाहीशी होणे किंवा मेलेल्या पिल्लाचे डोके लाळेने भिजलेले असणे यांवरून साप ओळखावा. भर दिवसा पिल्लू काहीही माग न ठेवता गेले, तर घार किंवा शिक्रा. खुराड्याभोवती रात्री बारीक माती किंवा राख पसरून ठेवल्यास सकाळी पावलांचे ठसे मिळतात.

खुराड्याची बांधणी : ग्रामीण महाराष्ट्रात कोंबड्यांसाठी भिंतीतील कोनाडावजा खुराडे, लाकडी पेटी किंवा बुरुडकामाचे डालगे वापरीत आले आहेत. पुण्यातील बुरुड आळी ही अशा बांबूच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. दगडी जोत्यावरील व जाड फळीच्या दाराचे जुने खुराडे पुष्कळदा आधुनिक जाळीच्या पिंजऱ्यापेक्षा अधिक सुरक्षित असते. नव्या बांधणीत पुढील गोष्टी पाहाव्यात.

तळ जमिनीपासून सु. ६० सेंमी. उंच असावा किंवा शहाबादी फरशी बसवून सांधे सिमेंटने भरावेत, म्हणजे घूस खालून पोखरू शकत नाही. मातीचा तळ ठेवायचा असल्यास भिंतीची जाळी ३० सेंमी. खोल गाडावी किंवा बाहेरच्या बाजूस ३० ते ४५ सेंमी. रुंदीची जाळी जमिनीलगत आडवी अंथरून तीवर दगड-माती टाकावी. उकरणारा प्राणी भिंतीच्या बुडाशी सुरुवात करतो व आडव्या जाळीवर अडतो. बाजारात ‘कोंबडी जाळी’ म्हणून मिळणारी षट्कोनी तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यापुरती असते. कुत्रे ती फाडते आणि लहान उंदीर तिच्या छिद्रांतून जातात. झडपा, खिडक्या व खालचा भाग यांसाठी १२ ते १३ मिमी. छिद्रांची, सांधे जोडलेली जाड तारेची जाळी वापरावी व ती चुकांनी न ठोकता पट्टी आणि स्क्रूने आवळावी.

छप्पर पत्र्याचे किंवा कौलांचे असावे आणि ते व भिंत यांमधील फट जाळीने बंद करावी. उदमांजर बहुधा याच वाटेने येते. पुण्यात उन्हाळ्यात तपमान ४०° से.च्या वर जाते, म्हणून वायुवीजन कमी करून सुरक्षितता साधू नये. छपरालगत जाळीच्या झडपा ठेवाव्यात आणि पत्र्यावर पालापाचोळा किंवा चटई अंथरावी. दाराची कडी केवळ अडकविलेली नसून कोयंड्यात खिट्टी घालून बंद होणारी असावी. छपरावर टेकणाऱ्या झाडाच्या फांद्या छाटाव्यात. प्रत्येक पक्ष्यास सु. ०.२५ चौ. मी. जागा आणि दांडीवर १८ ते २५ सेंमी. लांबी मिळावी. दांडी भिंतीच्या जाळीपासून दूर ठेवावी. अन्यथा बाहेरून पंजा घालून पाय किंवा मान ओढली जाते.

दैनंदिन दक्षता : उत्तम खुराड्याचा उपयोग ते वेळेवर बंद केले तरच होतो. पुण्यात सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास, तर जुलैच्या प्रारंभी सव्वासातच्या सुमारास होतो. त्यामुळे घड्याळाची एकच वेळ वर्षभर चालत नाही. कोंबड्या आपण होऊन आत गेल्या, की त्यांची मोजदाद करून दार लावावे. बाहेर राहिलेली कोंबडी बहुधा झुडुपात चोरून अंडी घालणारी किंवा खुडूक बसलेली असते व ती पहिल्याच रात्री बळी पडण्याची शक्यता असते. घरधन्याच्या गैरहजेरीत हे काम कोणाकडे सोपवावयाचे, ते आधी ठरवावे. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. उरलेले खाद्य रात्री उघडे ठेवू नये व दाण्याचा साठा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा. मेलेले पक्षी व कापलेल्या कोंबडीचे अवशेष खोल पुरावेत. ते उकिरड्यावर टाकल्यास कुत्री व कोल्हे यांना त्या जागेची सवय लागते.

पिल्लांसाठी पहिले सहा ते आठ आठवडे अधिक धोक्याचे असतात. या काळात कोंबडी व पिल्ले दिवसा डालग्याखाली किंवा वरून जाळी लावलेल्या वाड्यात ठेवावीत आणि रात्री खुराड्यात न्यावीत. केवळ डालगे हे रात्रीचे संरक्षण नव्हे, कारण कुत्रे ते उलथवू शकते. वाड्यावरील जाळी ताणून बसवावी. सैल नायलॉन जाळीत साप व पक्षी अडकतात. साप आढळल्यास स्वतः हात न घालता सर्पमित्रास बोलवावे. मोकळ्या अंगणात मेंदी किंवा जास्वंदीची दाट कुंपणे असली, तर घार दिसताच पिल्लांना दडण्यास जागा मिळते. दाणा-पाणी छपराखाली दिल्यास कावळे व इतर रानपक्षी त्यात तोंड घालीत नाहीत. हा रोगप्रतिबंधाचाही भाग आहे. भारतात पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाचा पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला होता.

निरुपयोगी व घातक उपाय : चकाकणाऱ्या फिती, बुजगावणी, रात्रभर जळणारा दिवा यांना प्राणी थोड्याच दिवसांत सरावतात. पाळीव कुत्रा उपयोगी पडतो. परंतु तो लहानपणापासून कोंबड्यांत वाढलेला असावा, नाही तर तोच भक्षक ठरतो. पिंजऱ्यात पकडून प्राणी दूर सोडणे हा उपाय सोयीचा वाटला, तरी रिकामी झालेली जागा दुसरा प्राणी लवकरच घेतो आणि सोडलेला प्राणी परक्या मुलखात बहुधा तग धरीत नाही. विषप्रयोग सर्वांत घातक होय. विषारी आमिष कोण खाईल, यावर ताबा राहत नाही. शेजारचे कुत्रे, मांजर, लहान मूल किंवा स्वतःच्या कोंबड्याही त्यास बळी पडू शकतात. विषाने मेलेला उंदीर खाऊन घुबड व घार मरतात आणि उंदरांवरील नैसर्गिक नियंत्रण कमी होते. मुंगूस व खोकड मारल्यानेही हेच घडते. आज ज्याने एक पिल्लू नेले, तोच प्राणी एरवी त्या परसातील उंदीर व घुशी यांना आवरीत असतो.

कायदेशीर बाजू : वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याखाली खोकड, कोल्हा, मुंगूस, बाऊल इ. प्राण्यांना संरक्षण आहे. २०२२ मध्ये या अधिनियमात दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली व परिशिष्टांची पुनर्रचना झाली. अधिनियमातील ‘शिकार’ या संज्ञेत मारण्याबरोबरच पकडणे, सापळा लावणे व विष घालणे यांचाही समावेश होतो. स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या जीविताच्या रक्षणार्थ सद्‌हेतूने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. मात्र ही सवलत कोंबडीच्या रक्षणाला लागू पडत नाही. मोकाट कुत्र्यांचे नियंत्रण प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे निर्बीजीकरण व लसीकरण यांद्वारे स्थानिक संस्थेने करावयाचे असते. जखमी किंवा खुराड्यात अडकलेला वन्य प्राणी आढळल्यास दार उघडे ठेवून माणसांनी दूर व्हावे. तो बाहेर न पडल्यास महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. शहराच्या हद्दीत कोंबड्या पाळण्यापूर्वी महानगरपालिकेचे व गृहसंस्थेचे नियम पाहून घ्यावेत.

सारांश, पुण्यासारख्या शहरात कोंबड्यांचा शत्रू एक नसून अनेक आहेत आणि त्यांपैकी एकास मारल्याने दुसऱ्याची वाट मोकळी होते. पोखरता न येणारा तळ, उंदरासही न जाता येईल अशी जाळी, खिट्टीचे दार व सूर्यास्ताबरोबर केलेली मोजदाद हा उपाय मात्र बहुतेक सर्व भक्षकांवर सारखाच लागू पडतो. त्याचा खर्च थोड्या कोंबड्यांच्या किंमतीतून भरून निघतो आणि परिसरातील वन्य जीवनासही त्याने बाधा येत नाही.